खडकावरच्या बैठका

पहिल्याच भेटीत बाईंनी मला आपलं स्वप्न सांगितलं.

मी तेव्हा पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकात नवा उपनिरीक्षक होतो. शहराच्या टेकड्यांवरच्या वनजमिनीत गांजाचा व्यवहार वाढतोय, तेव्हा वन खात्याशी समन्वय साधा, असा वरून हुकूम आला होता. समन्वय म्हणजे नेमकं काय करायचं ते हुकमात नव्हतं. म्हणून एका सकाळी त्यांच्या कचेरीत जाऊन उभा राहिलो. टेबलामागे पिकल्या केसांच्या, सडपातळ बाई बसल्या होत्या. त्या तिथल्या वनक्षेत्रपाल, म्हणजे शहराच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवरचं जंगल त्यांच्या ताब्यात. अंगात खाकी गणवेश आणि त्यावर हातानं विणलेला तपकिरी स्वेटर. एप्रिल महिना होता.

मी सलाम केला, नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "काल टेकडीवरून बोटी सुटत होत्या. धक्क्यावर आमचे वनपाल तिकिटं फाडत होते. मी विचारलं, ही कुठं जाते? तर म्हणाले, स्वारगेट. मी चढले नाही. स्वारगेटला बोटीनं कशाला जायचं? बसा आपण."

यातलं 'बसा आपण' तेवढं माझ्यासाठी होतं, हे कळायला मला जरा वेळ लागला.

ही त्यांची रोजची रीत होती. सकाळी जो माणूस पहिला भेटेल त्याला रात्रीचं स्वप्न सांगायचं. शिपाई असो, ठेकेदार असो, एकदा तर नागपूरहून तपासणीला आलेले वरिष्ठ होते. आवाज असा, की वणव्याचा अहवाल वाचताहेत. मुठेचं पाणी उलटं चढून धरणाकडे निघालंय आणि त्याच्याबरोबर स्कूटरवरची माणसं हेल्मेट सांभाळत चाललीत. लक्ष्मी रस्त्यावर गुडघाभर गवत उगवलंय आणि दुकानदार ते कापायला परवानगी मागायला आलेत. ऐकणाऱ्यानं हसू नये, वा वाकडं तोंड करू नये, आणि मुख्य म्हणजे अर्थ विचारू नये. मी एकदा विचारला. त्या म्हणाल्या, "अहो फौजदार, अर्थ काढायला कचेरीत एवढे कागद पडलेत. त्यातला एखादा घ्या."

मी वाघोलीचा. आमच्याकडं शेतकऱ्याच्या घरात कुणी स्वप्न सांगायला लागलं तर आई त्याची दृष्ट काढते. बाई पेठेतल्या घरातल्या, शिकलेल्या. पुढे कर्वेनगरच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांचं बोलणं ऐकून पहिले काही आठवडे मला वाटायचं, की बाई एकतर माझी थट्टा करताहेत किंवा त्यांना बरं नाही. दोन्ही खोटं होतं. त्यांनी जंगलात इतकी वर्षं काढली होती की झोप आणि जाग यांच्यामध्ये त्यांनी कुंपण घातलंच नव्हतं.

कुंपण होतं ते, जिथं गांजाचा व्यवहार चालायचा, त्या टेकडीला. त्या टेकडीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. बिबवेवाडीतून वर पाहिलं की जी करडी-हिरवी रांग दिसते तिच्यातली ती एक, एवढं पुरे. तिच्या कमरेला दगडी भिंत. भिंतीच्या आत वन खातं, बाहेर पोलीस. बाहेरही अर्धा भाग एका ठाण्याचा, अर्धा दुसऱ्याचा. गांजाचा कायदा वनरक्षकाच्या हातात नाही. तो फार तर जंगलात का शिरलात म्हणून हटकणार. पोलिसाच्या हातात कायदा आहे, पण त्याला आतल्या वाटा ठाऊक नाहीत, आणि न कळवता आत गेला की दोन खात्यांची पत्रापत्री सुरू. हे सगळं आमच्यापेक्षा तिथं येणाऱ्या मुलांना नीट माहीत होतं. ती भिंतीवरच बसायची. आतून शिट्टी वाजली की पाय बाहेर टाकायचे, बाहेरून वाजली की आत.

बाईंनी एका संध्याकाळी यावर आपला उपाय केला. कॉलेजची चार-पाच मुलंमुली भिंतीवर ओळीनं बसली होती. वास लपण्यासारखा नव्हता. मी पुढे होणार तोच बाई भिंतीवर चढून त्यांच्या शेजारी बसल्या.

"मॅम, वी आर जस्ट चिलिंग," एक मुलगा म्हणाला.

"करा की. मी काल काय पाहिलं सांगते," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. हत्ती होते, पर्वतीच्या पायऱ्या होत्या, पायऱ्यांवर कुणीतरी वाळत घातलेली पातळं होती, आणि प्रत्येक पातळाखाली एकेक माणूस गाढ झोपलेला होता. ते स्वप्न संपेचना. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी एका मुलीनं हळूच विचारलं, "मॅम, तुम्ही पण काही घेता का?"

"गरम पाणी," बाई म्हणाल्या.

ती मुलं पुन्हा त्या भिंतीवर दिसली नाहीत. पण बाईंना यात समाधान नव्हतं. परतताना म्हणाल्या, "ही इथून उठली, दुसरीकडं बसतील. ती नव्हेत आपली माणसं. त्यांना आणून देतो तो आपला माणूस. आणि तो भिंतीवर बसत नाही."

समन्वयाची पहिली बैठक एका मोठ्या कचेरीच्या सभागृहात झाली. आम्ही पोलीस, वन खातं, आणि राज्य उत्पादन शुल्कवाले, ज्यांना लोक अजून दारूबंदीवाले म्हणतात. त्यांचे इन्स्पेक्टर म्हणजे पहाडासारखा माणूस, आवाजही तसाच. टेबलावर नकाशा पसरला होता आणि हद्द कुठं संपते यावर सकाळपासून खडाजंगी चालली होती. बाई डोळे मिटून बसलेल्या. त्यांना झोप लागली असं समजून इन्स्पेक्टर माझ्याकडं बघून हसले. तेवढ्यात बाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "आपल्यापैकी त्या टेकडीवर कोण कोण गेलंय?"

कुणी हात वर केला नाही.

"मग पुढची बैठक तिथं. न पाहिलेल्या जागेवरून भांडायला मला फार संकोच वाटतो. चहा माझ्याकडून."

आणि खरंच, त्यानंतरच्या सगळ्या बैठका टेकडीवर झाल्या. माथ्याच्या जरा खाली एक रुंद काळा खडक आहे, त्यावर एक वेडावाकडा हिवर सावली धरून असतो. सकाळी लवकर तिथं जमायचं. आल्या आल्या बाई एक कापडी पिशवी पुढे करायच्या. सगळ्यांचे मोबाईल तीत जायचे आणि पिशवी हिवराच्या फांदीला. पहिल्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेबांचा फोन पिशवीतूनच ढोल-ताशासारखा वाजायला लागला. बाई म्हणाल्या, "घ्या ना, घ्या आपण. झाडांना सवय आहे. लग्नसराईत ऐकतातच ती." दुसऱ्या खेपेपासून त्यांचा फोन गाडीतच राहायला लागला. मला तर त्या वर चढतानाच म्हणायच्या, "फौजदार, बूट जरा हळू. गवताला वाटेल निवडणूक आली."

मग काही वेळ कुणी बोलायचं नाही. असा नियम त्यांनी सांगितला नव्हता. त्या डोळे मिटायच्या आणि बाकीच्यांना त्यांच्यासमोर बोलायचं धैर्य व्हायचं नाही. त्या गप्प बसण्यात काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. हिवाळ्यात खाली सगळं शहर धुक्यात बुडालेलं असायचं. नुसत्या उंच इमारतींची टोकं वर, आणि त्यांच्यावरच्या पाण्याच्या टाक्या तरंगणाऱ्या. कुठल्यातरी स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी इतकी स्पष्ट यायची की वाटावं हात लांबवला तर झाकण लागेल. रस्त्याचा आवाज वर येईपर्यंत लाटांसारखा होऊन जायचा. मला पुष्कळदा वाटायचं, की मी अजून उठलेलोच नाही, वाघोलीच्या जुन्या घराच्या ओट्यावर पडलोय, आणि ही खाकीतली माणसं मला स्वप्नात दिसताहेत. मग मोर ओरडायचा आणि बाई म्हणायच्या, "हं. बोला."

चहा आणायचा सोपान. सोपान बाईंचा वनमजूर, टेकडीच्या पायथ्याशीच राहणारा, साठीकडं झुकलेला. बाई त्या भागात आल्या त्याच्या आधीपासून तो तिथं होता. सकाळी टेकडीवर बाईंना पहिला तोच भेटायचा, त्यामुळं सर्वांत जास्त स्वप्नं त्यानंच ऐकलेली. प्रत्येक स्वप्नावर त्याचं उत्तर एकच असे, "बरं झालं." बोटी स्वारगेटला गेल्या, बरं झालं. लक्ष्मी रस्त्यावर गवत उगवलं, बरं झालं. बाईंना ते फार आवडायचं. म्हणायच्या, "इतकं नीट मला कुणी ऐकत नाही."

खडकावर बसायला लागल्यापासून आम्ही भांडायचं थांबलो असं नाही. पण भांडण नकाशावरचं राहिलं नाही. आणि एका सकाळी असं झालं, की आम्हा तिघांकडं जे एकेक तुकडे होते ते एकमेकांशेजारी येऊन पडले.

मी सांगत होतो, की आम्ही पकडलेला एक विक्रेता म्हणतो, माल बाहेरून येत नाही, टेकडीवरचाच आहे. माझ्या साहेबांनी हे हसण्यावारी नेलं होतं. इन्स्पेक्टर म्हणाले, "शक्यच नाही. गांजाच्या झाडाला पाणी लागतं. या खडकाळ टेकडीवर डिसेंबरात पाणी कुठून आणणार?" त्यावर बाईंनी डोळे उघडले. त्या आठवड्यात त्यांना खालच्या सोसायटीतून फोन आला होता: तुमचे मोर आमच्या पार्किंगमध्ये येऊन गाड्या धुवायच्या बादलीतलं पाणी पितात, बंदोबस्त करा. बाईंनी विचारलं होतं, आपल्या बादलीला झाकण नाही का? आणि फोन ठेवून दिला होता.

"मोर उन्हाळ्यात खाली जातात," त्या आता सावकाश म्हणाल्या. "डिसेंबरात का गेले? वर त्यांच्यासाठी पाणवठा आहे. रोपांसाठी टाकी आहे, तिच्यातूनच त्याला नळ आहे."

टाकीचं पाणी पाणवठ्यात येत नसेल, तर ते दुसरीकडं जात होतं. दुसरीकडं म्हणजे टेकडीच्या मागच्या ओघळीत, जिथं घाणेरीची दाट जाळी आहे आणि फिरायला येणारी माणसं कधी उतरत नाहीत.

"नळाची झडप कोण सोडतं?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

बाईंनी स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. "झडपेची किल्ली माझ्या माणसांकडे असते," त्या म्हणाल्या. "हे धरून चला."

त्या दिवशी चहा बाईंनीच ओतला होता. सोपान गावाला जातो म्हणून रजेवर होता.

पुढचं दोन दिवसांत ठरलं. ओघळीत झाडं आहेत याची खात्री मी आणि बाईंनी लांबून करून घेतली. ती नुसती उपटून टाकायची तर सोपं होतं, पण मग लावणारे हातून जाणार होते. पाणी द्यायला ते पहाटे येत असणार, तेव्हाच गाठायचं. भिंतीच्या आतल्या वाटा वनरक्षक दाखवणार, झाडं मोजून, तोलून ताब्यात घेण्याचं उत्पादन शुल्कवाले बघणार, अटक आमची. आणि बाहेर दोन्ही ठाण्यांची माणसं भिंतीला लागून उभी राहणार. टेकडीच्या इतिहासात भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी सरकार उभं राहण्याची ती पहिलीच वेळ असावी.

उजाडायच्या सुमाराला आम्ही घाणेरीच्या आड बसलो होतो. धुकं इतकं होतं की शेजारी बसलेल्या बाईंचा नुसता तपकिरी स्वेटर दिसत होता, चेहरा नाही. घाणेरीचा उग्र वास, ओल्या दगडांचा वास. इन्स्पेक्टर एवढे मोठे, पण एखाद्या शिळेसारखे निश्चल. मला झोप येत होती आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्ही मिळून अंगात एक गोड जडपणा आला होता. मग वरच्या बाजूला लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि ओघळीतून पाणी वाहायला लागलं. अगदी बारीक, लाडानं बोलल्यासारखं. त्या पाण्याबरोबर दोन माणसं खाली उतरली, पायथ्याच्या वस्तीतले दोघे भाऊ. त्यांच्या मागून, हातात झडपेची लांब किल्ली घेऊन, सोपान.

मी उठण्यासाठी हात जमिनीवर टेकला. इशारा मीच द्यायचा असं ठरलं होतं. पण बाई माझ्या आधी उभ्या राहिल्या. जाळीतून बाहेर आल्या आणि रोज हाक मारतात तशी हाक मारली.

"सोपान, इकडे ये. बस."

पुढचं सगळं एकदम झालं. ते दोघे भाऊ उधळले. एक इन्स्पेक्टरांच्या अंगावरच गेला आणि त्यांच्याखाली सापडला. दुसरा भिंतीकडं पळाला, चढला, नेहमीप्रमाणे पलीकडं पाय टाकले, आणि पलीकडच्या हवालदारानं ते धरले. आरडाओरडा, शिट्ट्या, फांद्या मोडल्याचे आवाज. या सगळ्यात सोपान चालत बाईंपाशी आला, किल्ली खाली ठेवली, आणि त्यांच्यासमोर ओल्या दगडावर बसला. बाईही बसल्या.

इन्स्पेक्टर धापा टाकत आले. "मॅडम, हे काय केलंत? दोघंही निसटले असते!"

"निसटले असते," बाई म्हणाल्या. "पण हा पळाला असता तर तुम्ही त्याला असंच पाडलं असतं. पाडलेला माणूस खरं सांगत नाही. मला खरं ऐकायचंय."

सोपाननं सांगायला सुरुवात केली ती माझ्याकडं बघून. माझ्या बोलण्यात गावची लकब आहे, म्हणून असेल. "साहेब, म्या सांगितलं व्हतं. पावसाळ्यातच. ह्या दोघांनी रोपं लावल्याली दिसली, तवा खालच्या चौकीत गेलो. तितं म्हनले, ते जंगलात हाय, आमची हद्द न्हाई, फॉरेस्टला सांग. मंग हापिसात आलो. मॅडम परगावी व्हत्या. हापिसातले साहेब म्हनले, गांजा व्हय, ते पोलिसाचं काम, आपन कशाला पडायचं त्यात. दोन्हीकडनं माघारी आलो. अन् संध्याकाळपातूर ह्या दोघांला कळलं बी, म्या कुठं जाऊन आलो ते."

"मंग?" मी विचारलं. माझी भाषा कधी बदलली ते माझं मलाच कळलं नाही.

"मंग काय. सून कामाला त्याच वाटंनं जाती, साहेब. ते म्हनले, झडप सोडत जा, बाकी तुझं काय नाव न्हाई."

बाई इतका वेळ त्याच्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "मी परगावाहून आले की. मला का नाही सांगितलंस?"

ओघळीतलं पाणी अजून वाहतच होतं. झडप बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"आलो व्हतो की, मॅडम. तुम्ही आल्या त्याच सकाळी. वर खडकापशी. तुम्ही सपान सांगत व्हता. लई लांब व्हतं. संपल्यावर तुम्ही हसला बी. मंग सांगावंसं वाटंना."

मी बाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं नाही. पाहू नये असं वाटलं. धुकं विरायला लागलं होतं आणि खाली बिबवेवाडीतल्या इमारती एकेक करून पुन्हा जमिनीला टेकत होत्या. मग त्या म्हणाल्या, "लिहा, फौजदार. तो बोलला ते सगळं लिहा."

सगळं लिहिणं सोपं नव्हतं. सोपानला साक्षीदार करायचं की आरोपी, हा पहिला प्रश्न. साक्षीदार करायचं तर त्यानं धमकीखाली हे केलं हे दाखवावं लागणार, आणि ते दाखवायचं तर तो आधी कुठं कुठं जाऊन आला हे आलंच. माझे साहेब म्हणाले, "अरे, तेवढं चौकीचं गाळ. माणसं मिळाली, माल मिळाला, केसला काय कमी पडतंय?" तिकडं वन खात्यातही हीच भाषा होती, असं नंतर कळलं. गंमत म्हणजे दोन खात्यांचं इतकं एकमत त्याआधी कशावरच झालं नव्हतं.

आढावा बैठक पुन्हा सभागृहात झाली. वरिष्ठ येणार होते, त्यांना खडकावर कोण नेणार? कारवाईचं कौतुक झालं, टाळ्या झाल्या. समन्वय कसा झाला यावर बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या. डोळे उघडे होते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोकांसमोर बोलताना त्या नेहमी मिटायच्या.

"सोपान तीन दारांवर गेला होता," त्या म्हणाल्या. "एक पोलिसांचं, तिथं त्याला हद्द सांगितली. एक आमच्या कचेरीचं, तिथं त्याला कायदा सांगितला. तिसरं मी. मी तर त्याला तोंडही उघडू दिलं नाही, कारण मी बोलत होते. समन्वय कसा झाला असं आपण मला विचारलंत. तो पावसाळ्यातच व्हायला हवा होता. एका वनमजुरानं तो एकट्यानं करून बघितला. आपण सगळ्यांनी मिळून तो मोडला."

वन खात्याचे वरिष्ठ लालबुंद झाले होते. माझे साहेब माझ्याकडं बघत होते. बाईंना खाली बसताना पाहून माझ्या मनातला घोळ मिटला. जबाबातली एकही ओळ मी गाळली नाही.

त्यापायी मला काही महिने नियंत्रण कक्षात टेलिफोन घेत बसावं लागलं, हे फार काही नव्हे. बाईंकडं खुलासा मागितला गेला, आणि निवृत्ती जवळ आलेली असताना त्यांना टेकड्यांवरून काढून एका कचेरीत खिडकीपाशी बसवलं. जंगल नाही, मोर नाहीत, खिडकीबाहेर दुसऱ्या कचेरीची भिंत. पण एक गोष्ट झाली. दोन्ही खात्यांतून तोंडी हुकूम निघाला, की वनजमिनीतली अशी खबर घेऊन कुणीही कुठल्याही दारात आला तरी त्याच दारानं ती घ्यायची, त्याला पुढं पाठवायचं नाही. पुढं काय करायचं ते खात्यांनी आपसांत बघावं. सोपानला बाईंनी जायच्या आधी वाघोलीकडच्या एका रोपवाटिकेत बदली मिळवून दिली. त्याच्या कुटुंबाला तिकडं खोली बघायला मी गेलो होतो. सून म्हणाली, "हितं बस दारापुढनं जाती," आणि त्यात सगळं आलं.

मी खिडकीपाशी बसलेल्या बाईंना भेटायला जात असे. एके दिवशी मुद्दाम सकाळी कचेरी उघडायच्या वेळेला गेलो, म्हणजे पहिला मीच भेटेन. बाईंनी डोळे मिटले. मी वाट बघत राहिलो.

"हं, सांगा," त्या म्हणाल्या.

"मी?"

"मग कोण? मी ऐकतेय."

त्यांनी स्वप्नं सांगणं बंद केलं होतं. आता सकाळी जो पहिला भेटेल त्याला त्या बोलायला लावत. शिपाई बिचारा रोज गॅसच्या सिलिंडरबद्दल सांगायचा, बाई तितक्याच गंभीरपणे ऐकायच्या आणि कधी कधी संपल्यावर म्हणायच्या, "बरं झालं." मी त्या दिवशी काय सांगितलं ते आता आठवत नाही. बहुतेक आमच्या शेताबद्दल असावं, जिथं आता सोसायटी उभी आहे आणि जिथं मला अजून झोपेत विहिरीची वाट सापडते. एवढं आठवतं, की बोलता बोलता ऊन खिडकीतून सरकून टेबलाच्या कडेशी गेलं आणि मला उठावंसं वाटेना.

खटला उभा राहिला तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. साक्षीदार झालेल्या सोपानला भावांच्या वकिलानं बराच वेळ धारेवर धरलं. तूच लावलीस झाडं, तूच पाणी देत होतास, आता स्वतःची कातडी वाचवायला दुसऱ्यांची नावं घेतोस. सोपान पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरून उभा होता. ते दोघे भाऊ समोर बसून त्याच्याकडं एकटक बघत होते. एकदा तो मध्येच थांबला आणि इतका वेळ थांबला, की न्यायाधीशांनी मान वर केली. मला वाटलं, संपलं. मग त्यानं घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चौकीत गेलो, मंग हापिसात गेलो. काहीएक न बदलता.

पुढे त्या दोघांना शिक्षा झाली. आता अपील चालू आहे.

पण मला आठवते ती सोपानच्या साक्षीच्या दिवशीची दुपार. बाई आल्या होत्या, साध्या सुती पातळात, वर तोच स्वेटर. पुढची बाकं रिकामी असूनही त्या सगळ्यात मागे, खांबाच्या आड जाऊन बसल्या होत्या. मला वाटलं, हीही त्यांची एक तऱ्हा. साक्ष संपल्यावर आम्ही कोर्टाबाहेरच्या चहाच्या दुकानात उभे राहिलो. इन्स्पेक्टरसाहेबही आले होते. सोपानच्या पाठीवर एक प्रचंड हात ठेवून उभे होते.

"भ्या वाटलं, मॅडम," तो म्हणाला. "मधी तर वाचाच गेली."

"मलाही वाटत होतं," बाई म्हणाल्या. "माझं तोंड बघून तुझा धीर जायला नको, म्हणून तर मागे बसले. खांबाआड."

"पर दिसत व्हता की तुम्ही."

"दिसत होते?"

"तोंड न्हाई दिसलं. खांबाच्या कडंनं पाय दिसत व्हते. तेवढं बघून बोललो."

बाईंनी मान खाली घालून आपल्या चपलांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जसं काही त्या दुसऱ्याच कुणाच्या होत्या. मग स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले आणि दुकानदाराकडं वळल्या.

"अहो, चार चहा द्या. आणि याच्या कपात साखर जास्त घाला."